पाच वाचनालयांनी मिळून पुस्तकाला नंबर लावायचा आणि संदर्भाचे प्रश्न वाटून घ्यायचे, तर

विचारणा अशी आहे: एका तालुक्यात पाच शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत, प्रत्येकी आठ ते वीस हजार ग्रंथांची. एका वाचनालयाच्या सभासदाला दुसऱ्याच्या पुस्तकाला नंबर लावता यावा आणि अवघड संदर्भप्रश्न पाचही ग्रंथपालांनी मिळून सोडवावेत, अशी कल्पना आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर शेवटी. आधी प्रत्येकाने आपल्या दाखल नोंदवहीतून (आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांकाने लिहिलं जातं ती वही) कुठलेही शंभर दाखल क्रमांक काढावेत आणि ती पुस्तकं कपाटात, देवघेवीत किंवा बांधणीला आहेत का ते बघावं. क्रमांक डोळे मिटून निवडायचे. सोयीची दोन कपाटं मोजायची नाहीत. शंभरात दहापेक्षा जास्त पुस्तकं सापडली नाहीत, तर त्या वाचनालयाने इतरांना आपली यादी दाखवण्याआधी पूर्ण ग्रंथमोजणी करावी. एकट्या वाचनालयात नोंदीला असलेलं पण कपाटात नसलेलं पुस्तक फारसं कुणाला त्रास देत नाही. वाचक ‘नाहीये का? बरं’ म्हणून दुसरं घेतो. सामायिक व्यवस्थेत तेच पुस्तक शेजारच्या गावातल्या माणसाला ‘उपलब्ध’ दिसतं, तो नंबर लावतो, फोनची वाट बघतो आणि तीन आठवड्यांनी त्याला कळतं की पुस्तक कधीचंच गेलंय. असं दोनदा झालं की तो पुन्हा नंबर लावत नाही.

दुसरं काम याद्या जुळवण्याचं, आणि सगळ्यात जास्त घाम इथे गळतो. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, बऱ्याच जुळतात. मराठीत जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. जिथे आहे तिथेही एकच क्रमांक दोन आवृत्त्यांवर छापलेला आढळतो, म्हणून निव्वळ आयएसबीएनवर नोंदी आपोआप एकत्र करू देऊ नका. लेखकाचं आडनाव, शीर्षकाचे पहिले तीन शब्द, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या या चार गोष्टी जुळल्या तर पुस्तक एकच, असं धरून माणसाने शेवटचा निर्णय घ्यावा.

शीर्षकं जुळत का नाहीत, हे एका उदाहरणावरून कळेल. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या मालिकेचं जुन्या छपाईतलं नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असं आहे, दोन जास्तीच्या अनुस्वारांसह. एका वाचनालयाने मुखपृष्ठ बघून तसंच नोंदवलं, दुसऱ्याने १९६२ नंतरच्या लेखननियमांप्रमाणे ‘इतिहासाची साधने’ केलं, तिसऱ्याने ‘म. इ. साधने’ लिहून वेळ वाचवला. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी पुस्तकं. उपाय सोपा आहे: मुख्य शीर्षक मुखपृष्ठावर असेल तसंच ठेवा आणि आजच्या लेखनातलं रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात भरा. शोध दोन्हींवर चालला पाहिजे.

याहून चिवट भानगड डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकांची. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतं, ‘ॲ’ तर तीन प्रकारे: एकसंध अक्षर, ‘अ’वर चंद्र, किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’. पडद्यावर सारखं किंवा जवळपास सारखं दिसलं तरी शोधात सापडत नाही. कुणाची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टात असेल, तर ती परिवर्तकातून (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनातून) काढल्यावर नेमके हेच वर्ण आणि रफार बिघडलेले असतात. पाचही ठिकाणी एकच कळफलक, इन्स्क्रिप्ट, ठरवून टाका आणि परिवर्तित यादीतली प्रत्येक पन्नासावी नोंद पुस्तक समोर धरून तपासा.

लेखकांची टोपणनावंही आधीच ठरवावी लागतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी. पुस्तकावर जे नाव आहे त्याखाली नोंद, आणि दुसऱ्या नावाकडून ‘पाहा’ असा दुवा. अशी दीड-दोनशे नावांची एक यादी पाचही जणांनी मिळून एका दुपारी करता येते. ती केली नाही, तर नाटक एका नावाखाली आणि कविता दुसऱ्या नावाखाली राहते आणि वाचकाला अर्धाच लेखक दिसतो.

सगळा संग्रह एकदम यादीत आणायचा हट्ट नको. सरावलेला माणूस पुस्तक हातात घेऊन दिवसाला साठेक नोंदी नीट करतो. वीस हजार ग्रंथांना म्हणजे तीनशे तेहतीस दिवस लागतील, आणि तोवर उत्साह संपलेला असेल. गेल्या दोन वर्षांत एकदा तरी वाचकाच्या हातात गेलेली पुस्तकं, गेल्या पाच वर्षांतली खरेदी आणि संदर्भ विभाग, एवढंच आधी घ्या. बहुतेक ठिकाणी हा संग्रहाचा लहानसा भाग निघतो आणि मागणीतला मोठा.

आता सॉफ्टवेअर. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. ते घडलंच न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ या छोट्या सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी आणि २००० सालापासून वापरात आहे, त्यामुळे शाखा, रांगा, पुस्तक घ्यायचं ठिकाण हे त्यात मुळातच आहे. एनआयसीच्या (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरमध्येही अनेक ग्रंथालयं एका माहितीसाठ्यावर चालवायची सोय आहे, मात्र ते मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी असल्याने आपल्याला मिळेल का, हे आधी विचारून घ्या. दोन्ही जमत नसेल, तर एका सामायिक तक्त्यावर आणि फोनवरही पाच वाचनालयांचं सहा महिने नीट चालतं. नियम मात्र तेच लागतात.

रांग

नंबर पुस्तकाला लावायचा की विशिष्ट प्रतीला, हे पहिलं ठरवा. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांना नंबर नोंदीवर लावावा. पाचांपैकी जी प्रत आधी मोकळी होईल ती जाईल. खंडांच्या ग्रंथाला हेच केलं तर फसगत होते. मघाच्याच राजवाड्यांच्या मालिकेचे बावीस खंड एका नोंदीखाली टाकले असतील, तर आठवा खंड मागणाऱ्याला तिसरा पोचतो, कारण तो मोकळा होता. खंडांना एक तर स्वतंत्र नोंदी द्या किंवा तिथे फक्त प्रतीवर नंबर लावू द्या.

मग रांगेचं गणित. एक प्रत, दहा नंबर, पंधरा दिवसांची मुदत. पुस्तक एका गावाहून दुसऱ्या गावी जायला सरासरी तीन दिवस आणि राखीव कपाटात वाचकाची वाट बघण्यात चार दिवस धरले, तर प्रत्येक फेरी बावीस दिवसांची. दहाव्या माणसाच्या आधी नऊ फेऱ्या, म्हणजे १९८ दिवस, साडेसहा महिने. मुदत पंधराची दहा दिवस केली तर १५३ दिवस. दुसरी प्रत घेतली तर दहाव्याला पाचव्या फेरीत पुस्तक मिळतं, ८८ दिवसांत. तीन प्रती असतील तर ६६. लोक मुदत कापण्याच्या मागे लागतात आणि वाचक चिडतात. एक प्रत जास्त घेणं त्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे. एका प्रतीमागे पाचपेक्षा जास्त नंबर झाले की खरेदी, असा नियम करा. ज्याचे सभासद रांगेत सर्वाधिक, त्याने ती प्रत घ्यायची. चार दिवसांचा राखीव काळही बघण्यासारखा आहे. कोहात तो मुळात सात दिवसांचा असतो. लहान गावात कामकाजाचे तीन दिवस पुरतात. न नेलेलं पुस्तक चौथ्या दिवशी सकाळी पुढच्याकडे निघालं पाहिजे, आणि ते बघणं कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे.

समिती सदस्य हमखास विचारतात, ‘आपण विकत घेतलेलं पुस्तक आपल्याच सभासदाला का नाही?’ रास्त प्रश्न आहे. सदासर्वकाळ ‘आधी घरचे’ ठेवलं तर लहान वाचनालयाच्या सभासदाचा नंबर कधीच येत नाही, कारण चांगल्या पुस्तकाला घरचा वाचक कायम असतोच. अजिबात ठेवलं नाही तर मोठं वाचनालय सहा महिन्यांत बाहेर पडतं. नवीन पुस्तक दाखल झाल्यापासून साठ दिवस घरच्यांसाठी, त्यानंतर निव्वळ तारीखवार रांग, ही तडजोड टिकते. संगणकावर हे करायचं तर नव्या पुस्तकांना वेगळा प्रकार देऊन साठ दिवसांनी तो बदलावा लागतो. बदलायला विसरलं की पुस्तकं कायमची ‘नवीन’ राहतात, म्हणून दर एक तारखेला हे काम दिनदर्शिकेवर टाका.

कोहात एक खोच आहे. मोकळ्या प्रती अनेक ठिकाणी असतील तेव्हा पुस्तक कुणी काढायचं, याचा क्रम देता येतो. तो एकदा लिहून विसरला गेला की पहिल्या नावावरच सगळा भार पडतो आणि तिथला कर्मचारी कुरकुरायला लागतो. क्रम दर महिन्याला फिरवा.

रोज सकाळी दार उघडल्यावर अर्ध्या तासात काढायच्या पुस्तकांची यादी हातात घेऊन कपाटाकडे जायचं. सापडलं नाही तर तिथल्या तिथे ‘सापडत नाही’ अशी खूण, म्हणजे विनंती पुढच्या वाचनालयाकडे सरकते. ‘संध्याकाळी पुन्हा बघतो’ म्हणून ठेवून दिलेली विनंती आठवडाभर तशीच पडून राहते.

आणि सगळ्यात मोठी गळती देवघेवीच्या टेबलावर होते. एक सभासद पुस्तक परत करतो, मागे उभा असलेला म्हणतो, ‘तेच द्या मला’, आणि पुस्तक हातोहात जातं. परतीची नोंद आणि नवी नोंद एकदम नंतर होते, रांगेतला माणूस तसाच राहतो. संगणक असेल तर परत आलेलं पुस्तक नोंद झाल्याशिवाय टेबलाच्या त्या बाजूला जाऊ नये. वहीवर काम असेल तर नंबर लागलेल्या पुस्तकाच्या पत्रिकेच्या (देवघेवीच्या कार्डाच्या) वरच्या कडेला लाल पेन्सिलीची रेघ ओढा. पत्रिका काढतानाच दिसते.

दिवाळी अंकांना मात्र सामायिक नंबर लावू नका. त्यांचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं, त्यात बावीस दिवसांची फेरी धरली तर एक अंक चार-पाच जणांपलीकडे जात नाही. त्यांची स्वतंत्र योजना चालू द्या आणि जानेवारीअखेर पंचवीस-पंचवीस अंकांचे गठ्ठे आपसात बदला. वाचकाला नवे अंक मिळतात, नोंदीचं कामही एका पावतीत आटपतं.

ने-आण आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, गोल फेरीने. मंगळवार आणि शुक्रवार बरे पडतात. सोमवारी बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. पिशवी दहा किलोंच्या आत. जाड कॅनव्हास, आत प्लॅस्टिकची पिशवी, तीही फक्त पावसाळ्यापुरती नव्हे, वर्षभर. जुन्या पुस्तकांना रबर लावू नका, पुठ्ठ्याच्या कडा कापल्या जातात. चार-पाच सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी पुस्तकाभोवती गुंडाळून तिच्यावर मालक वाचनालय, जायचं ठिकाण, सभासद क्रमांक आणि तारीख लिहायची. नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा नाही. कोण काय वाचतंय हे वाटेत कुणाला कळायचं कारण नाही. पट्टी पुस्तकाला चिकटवायची नाही, स्टेपल करायची नाही. घेणाऱ्या वाचनालयाने आपला शिक्काही मारायचा नाही. एकदा दुसरा शिक्का बसला की दोन वर्षांनी तपासणीत ते पुस्तक नक्की कुणाचं, यावर वाद होतो.

तपासणीचा मुद्दा निघालाच आहे, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची वेगळी नोंदवही ठेवा आणि प्रत्येक पिशवीसोबत दोन प्रतींत यादी द्या. एक सहीनिशी परत येते. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखालच्या अनुदानाची तपासणी दाखल नोंदवहीवरून होते. पुस्तक बाहेर असेल तर ते कुठे आहे हे सांगणारा कागद हवाच. घेणाऱ्याने ते पुस्तक आपल्या नोंदवहीत दाखल करायचं नसतं.

पुस्तक हरवलं तर मालक वाचनालयाला भरपाई सभासदाच्या वाचनालयाने द्यायची, मग आपल्या सभासदाच्या अनामतीतून वसूल करायची. उलटं ठेवलं तर मालक वाचनालय अनोळखी माणसाच्या मागे लागत बसतं. भरपाई छापील किमतीवर ठरवू नका; सत्तरच्या दशकातल्या पुस्तकावर बारा रुपये छापलेले असतात. बाजारात मिळत असेल तर आजची किंमत, नसेल तर जुन्या बाजारातली किंमत किंवा ठरवून दिलेली किमान रक्कम, यांतली जास्त असेल ती. हे पाचही कार्यकारिणींच्या ठरावात लिहून घ्या.

संदर्भाचे प्रश्न

इथे यंत्राचं काम जवळजवळ नाही. सुरुवात बहुतेक जण व्हॉट्सॲप गटाने करतात, आणि त्यात एका प्रश्नाला तिघे उत्तर देतात, दुसऱ्याला कुणीच नाही, आणि पानांचे फोटो महिन्याभराने सापडत नाहीत. गट राहू दे, पण प्रत्येक प्रश्नाला क्रमांक आणि एक जबाबदार माणूस पाहिजे. आठवड्याला एक ग्रंथपाल ‘पाळीवर’: आलेले प्रश्न तोच वाटणार, वेळेत उत्तर गेलं का तेही तोच बघणार. साधा प्रश्न त्याच दिवशी, शोधाचा प्रश्न कामकाजाच्या तीन दिवसांत. जमत नसेल तर तिसऱ्या दिवशी ‘अजून शोधतोय’ एवढं तरी वाचकाला कळवायचं.

पुढे पाठवण्याआधी वाचकाला नेमकं काय हवंय हे विचारून घ्यावं लागतं. ‘स्वातंत्र्यलढ्यावर पुस्तक हवं’ असं म्हणणाऱ्या माणसाला अनेकदा आजोबांचं नाव कुठे छापलंय का ते बघायचं असतं. त्याला पुस्तक धाडलं तर तो ते न वाचता परत आणतो. नीट भरलेली चिठ्ठी अशी असते: ‘प्रश्न ४७. हवं आहे: १९४२ मध्ये अटक झालेल्या व्यक्तीचा छापील उल्लेख. माहीत आहे: पूर्ण नाव, गाव, अंदाजे वय. शोधून झालं: आमच्याकडचं जिल्हा गॅझेटिअर, नाव नाही. शोधावं: दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाचा स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश, आमच्या विभागाचा खंड. कशासाठी: कुटुंबाचा इतिहास. कधीपर्यंत: घाई नाही.’ ‘शोधून झालं’ हा रकाना रिकामा ठेवला की समोरचा तेच गॅझेटिअर पुन्हा चाळतो.

कुणाकडे काय आहे, याची संदर्भसाधनांची वेगळी यादी करा, आणि तिच्यात नसलेले खंड आवर्जून लिहा. ‘भारतीय संस्कृतिकोश आहे’ याचा उपयोग नाही; ‘दहापैकी चौथा आणि नववा नाही’ याचा आहे. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश संकेतस्थळांवर मिळतात, मोल्सवर्थचा आणि दाते-कर्वे यांचा असे दोन्ही शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात शोधता येतात. त्यांच्यासाठी पिशवी हलवायची गरज नाही. तालुक्याची खरी ताकद बांधीव नियतकालिकं, स्थानिक स्मरणिका, कुलवृत्तांत आणि शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक यांत असते. त्यातलं बरंचसं इंटरनेटवर नसतं. कुलवृत्तांतांबद्दल तर पुण्या-मुंबईहून आणि परदेशातूनही विचारणा येते, म्हणून ती यादी सगळ्यात आधी करा.

जुन्या नियतकालिकांवर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तिथेच चूक होते. शक चैत्रात बदलतो, सन जानेवारीत. शके १८३२ च्या श्रावणातला अंक १९१० चा, पण त्याच शकाच्या फाल्गुनातला १९११ चा. माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष दोन्हीकडे पडू शकतात, तिथे पंचांग बघायचं.

उत्तरात ग्रंथाचं नाव, आवृत्ती, खंड आणि पान हवंच. ‘असं वाचल्याचं आठवतं’ हे उत्तर नव्हे. औषध, कायदा, जमिनीचा वाद यांवर साधन द्यायचं, सल्ला द्यायचा नाही. सापडलं नाही तर कुठे कुठे शोधलं ते लिहून द्या. त्या यादीवरून वाचक पुढे जाऊ शकतो. सुटलेले प्रश्न विषयवार एका फाइलीत ठेवा. जयंती, ग्रामदैवत, गावाच्या नावाची व्युत्पत्ती हे प्रश्न दरवर्षी परत येतात.

पानांच्या प्रती पाठवताना प्रताधिकाराचं भान ठेवा. खासगी अभ्यासासाठी लेखातली काही पानं देणं वेगळं आणि विक्रीत असलेलं पुस्तक आख्खं स्कॅन करून गटावर टाकणं वेगळं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सार्वजनिक ग्रंथालयाला भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, तीनपर्यंत प्रती करायची मुभा आहे. ती तेवढीच आहे.

पाचांत नाही मिळालं तर जिल्हा ग्रंथालय, मग शासकीय विभागीय ग्रंथालय आणि मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, जिथे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांकडून प्रत जमा होते. ती पुस्तकं बहुधा घरी मिळत नाहीत, तिथे बसून बघायची असतात, हे वाचकाला आधीच सांगा. तालुक्याबाहेरच्या वाचनालयाशी पुस्तकाची देवाणघेवाण टपालाने करायची तर २०२५ च्या मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंपर्यंत १०० रुपये, अधिक कर, माग काढता येतो, पण जमिनीवरून जात असल्याने वेळ लागतो. त्या पुस्तकावर नंबर लावताना ने-आणीचे तीन दिवस धरू नका, जातायेता दोन आठवडे धरा, आणि बांधणी सुटलेलं पुस्तक पाठवूच नका.

सुरुवात दोन वाचनालयांनी करा, पाचांनी नको. जवळची दोन, ज्यांचे ग्रंथपाल एकमेकांना फोन करायला कचरत नाहीत अशी. तीन महिने रोज तीन आकडे लिहा: किती नंबर लागले, किती वेळा पुस्तक यादीत होतं पण कपाटात नव्हतं, आणि किती पुस्तकं राखीव कपाटातून न नेता परत गेली. दुसरा आकडा दहा नंबरांमागे एकाच्या खाली आला की तिसऱ्या वाचनालयाला बोलवा.